शिकाऱ्याची संध्याकाळ आणि आपली सकाळ : नाशिककर यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार नाशिककर,

पक्षी बघायला लाखांची दुर्बीण लागतेच असं नाही, मध्यम किमतीची नीट दुर्बीण पुरते, असं मी ‘महागड्या दुर्बिणीचे तोटे’ या लेखात म्हटलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होणं बरोबर वाटलं नाही, म्हणून ही वेगळी नोंद लिहितोय. ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. चार वर्षं तुम्ही अडीच लाखांची ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं) वापरताय आणि एकदाही पश्चात्ताप झालेला नाही. चांगली दुर्बीण एकदाच घ्यावी, ती जन्मभर पुरते. माझा लेख वाचून नवी मुलं स्वस्तातलं काहीतरी घेतील आणि डोळे बिघडवून बसतील. आणि शेवटी तुम्ही विचारलंत, “युरोप-अमेरिकेतले शिकारी पै-पै साठवून याच दुर्बिणी घेतात. ते सगळे वेडे आहेत का?”

डोळ्यांबद्दल तुम्ही बरोबर आहात आणि ती चूक माझी आहे. जत्रेत, हिल स्टेशनच्या पॉइंटवर किंवा ऑनलाइन दीड-दोन हजारांत ‘५०×५०’ छापलेली, लालभडक काचांची दुर्बीण मिळते. तिच्याबद्दल मी एक अक्षरही लिहिलं नव्हतं. अशा दुर्बिणीच्या दोन नळ्या एका रेषेत नसतात. मेंदू ती दोन चित्रं ओढूनताणून जुळवत राहतो आणि अर्ध्या तासात कपाळ ठणकायला लागतं. नवी दुर्बीण घेताना दुकानातच लांबच्या विजेच्या तारेकडे बघावं आणि ती हळूहळू डोळ्यांपासून चार बोटं मागे न्यावी. दोन्ही वर्तुळांत तार सरळ एका ओळीत दिसली पाहिजे. एकीकडे वर आणि दुसरीकडे खाली दिसली, तर ती दुर्बीण परत ठेवावी. हा मजकूर मी मूळ लेखात कालच घातला. पण माझी तुलना त्या खेळण्याशी नव्हतीच. मी ३० ते ५० हजारांची नीट दुर्बीण एका बाजूला ठेवली होती आणि अडीच-तीन लाखांची दुसऱ्या बाजूला.

आता शिकाऱ्यांकडे येतो, कारण खरा मुद्दा तिथेच आहे.

ते वेडे नाहीत. त्यांचं काम समजून घेतलं तर त्यांनी मोजलेला पैसा मला पूर्ण पटतो. जर्मनीत किंवा ऑस्ट्रियात शेताच्या कडेला, जंगल सुरू होतं तिथे लाकडी मचाण असतं. शिकारी दुपार कलली की त्यावर चढून बसतो. हरणं आणि रानडुकरं बाहेर येतात ती उजेड जाता जाता. जर्मनीच्या शिकार कायद्यात ‘रात्र’ सूर्यास्तानंतर दीड तासाने सुरू होते. रानडुकराला त्यातून सूट आहे, बाकी खुरांच्या प्राण्यांवर त्यानंतर गोळी चालवता येत नाही. म्हणजे सूर्य बुडाल्यावरचा तो दीड तास त्याचा. त्यात त्याला नुसतं ‘हरीण आहे’ एवढं कळून भागत नाही. नर की मादी, वय काय, सोबत पिलं आहेत का, हे बंदूक उचलण्याआधी कळावंच लागतं, कारण पिलं स्वतःच्या पायावर उभी राहीपर्यंत त्यांच्या आईला मारणं हा तिथे गुन्हा आहे. उजेडाचा झोत टाकून बघावं, तर त्यालाही मूळ कायद्यात बंदी, रानडुकरांपुरती अलीकडे काही राज्यांत ढील मिळाली आहे इतकंच. अशा माणसाच्या हातात दुर्बीण हे एकच साधन उरतं. तिने आणखी दहा मिनिटं नीट दाखवलं, तर त्याची अख्खी संध्याकाळ कामी येते.

म्हणून तिकडे ८×५६ हे माप रुजलं. ५६ला ८ने भागलं की ७ येतात. दुर्बिणीतून बाहेर पडणारा प्रकाशाचा झोत ७ मिलिमीटर रुंद असतो आणि तरुण माणसाच्या डोळ्याची बाहुली अंधारात साधारण तेवढीच उघडते. ८×४२मध्ये हाच झोत सव्वापाच मिलिमीटरचा असतो. काचेवरचे लेप, प्रिझमवरचे थर, ९० टक्क्यांच्या वर प्रकाश पार नेण्याची धडपड, हे सगळं त्या मावळत्या उजेडासाठी आहे. युरोपातल्या मोठ्या कंपन्यांच्या भरभराटीत या शिकारी गिऱ्हाइकाचा वाटा फार मोठा आहे. आपण इंटरनेटवर वाचतो त्यातली कितीतरी परीक्षणंसुद्धा त्याच्या गरजा डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असतात. ‘कमी उजेडात अप्रतिम’ हे वाक्य वाचून आपण भारावतो, पण तो कमी उजेड कुणाचा, हे विचारत नाही.

आपल्याकडे शिकार १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद झाली आणि ते योग्यच झालं. आपण पक्षी नुसते बघायला जातो. कधी जातो, तर सकाळी सहा ते दहा. अभयारण्याचं फाटक सूर्यास्ताला बंद होतं. आपल्या अक्षांशावर संधिप्रकाश वीस-पंचवीस मिनिटांत संपतो, तर मध्य युरोपात उन्हाळ्यात तो त्याच्या जवळजवळ दुप्पट रेंगाळतो. घुबडांचं काय, असं तुम्ही म्हणाल. आपल्या महाराष्ट्राचा मान असलेला रानपिंगळा १८८४नंतर ११३ वर्षं कुणाला दिसला नव्हता आणि १९९७ साली शहाद्याजवळ पुन्हा सापडला. तोसुद्धा दिवसाढवळ्या हिंडणारा पक्षी आहे. भर उन्हात आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते. त्यातून आत जाणारा उजेड ४२च्या दुर्बिणीतून जेवढा, तेवढाच ३२च्या दुर्बिणीतूनही. उरलेला झोत बुबुळावर पडून वाया जातो. वयाचाही भाग आहेच. पन्नाशी-साठीत बाहुली अंधारातही पाचच्या आसपासच थांबते. मी सत्तावन्न वर्षांचा आहे. ८×५६चे ७ मिलिमीटर माझ्या डोळ्यात मावणारच नाहीत. ज्या वयात ही दुर्बीण परवडायला लागते, त्याच वयात तिचा सगळ्यात मोठा गुण वापरायची डोळ्याची ताकद कमी झालेली असते.

मग दिवसा फरक पडतच नाही का? पडतो, आणि तो मी स्वतः पाहिलेला आहे. पांढुरक्या आभाळासमोर तारेवर कोतवाल बसला होता. मध्यम किमतीच्या दुर्बिणीत त्याच्या शेपटीच्या दोन्ही टोकांना जांभळट कड आली होती. महागड्या दुर्बिणीत कड जवळपास गेली आणि काळ्या पिसांवरची निळसर झाक दिसली. त्या दिवशी मी ती दुर्बीण बराच वेळ खाली ठेवली नाही. दृष्टिक्षेत्राचंही तसंच. स्वारोव्स्कीच्या एनएल प्युअर ८×४२मध्ये १००० मीटरवर १५९ मीटरचा पट्टा दिसतो. निकॉनच्या मोनार्क एम ७मध्ये १४५ आणि एम ५मध्ये ११२. झाडोऱ्यात नाचणारा वटवट्या शोधताना ११२ आणि १५९मधला फरक हाताला जाणवतो. पण १४५ आणि १५९मधला? त्या चौदा मीटरसाठी दोन-अडीच लाख मोजायचे का, एवढाच माझा प्रश्न होता.

स्पष्टतेचंही गणित सांगतो. चांगल्या डोळ्याला साधारण ६० विकलांचं (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) अंतर वेगळं ओळखता येतं. आठपट दुर्बीण लावली की साडेसात विकलांचं. ४२ मिलिमीटरचं भिंग मुळात पावणेतीन विकलांपर्यंत तपशील वेगळा करू शकतं. म्हणजे नीट बनवलेल्या ३०-४० हजारांच्या भिंगातही डोळ्याला पचेल त्याहून जास्त तपशील असतो. बाकीचं खातो तो हाताचा कंप. आणि माळरानावर दहा वाजल्यानंतर खातं ते ऊन. फेब्रुवारीपासून जमिनीलगतची हवा अशी थरथरते की तीनशे मीटरवरचा चंडोल कुठल्याही किमतीच्या काचेतून लोण्यासारखा वितळलेला दिसतो. हवेवर लेप चढवता येत नाही.

आता ‘जन्मभर पुरते’ याबद्दल. इथे मी पुस्तकातलं सांगत नाही. माझ्याकडेही अशी दुर्बीण सहा वर्षं होती. कुठल्या कंपनीची ते लिहीत नाही, कारण वाद कंपनीशी नाही. चौथ्या वर्षी फोकसचं चाक फिरवताना कचकच लागायला लागली, बाजरीचं पीठ दातांखाली यावं तशी. माळाची बारीक धूळ चाकाखाली गेली होती. मग अर्ध्या फेरीवर चाक अडकायला लागलं. इथे कुणी उघडायला तयार नव्हतं. ती परदेशी पाठवावी लागली, जाताना कागदपत्रं, येताना कस्टम्सची विचारपूस. नोव्हेंबरमध्ये गेली ती एप्रिलमध्ये आली. काम उत्तम करून दिलं, पैसेही घेतले नाहीत, पण हिवाळी पाहुण्या पक्ष्यांचा अख्खा हंगाम गेला होता. ती वॉरंटी खरी होती, माझे पाच महिने मात्र कुणी भरून दिले नाहीत. रबराच्या आवरणाला घाम आणि डासांचं मलम मानवत नाही. कोकणातल्या पावसाळ्यात आत दमट हवा शिरू नये म्हणून नायट्रोजन भरलेल्या दुर्बिणीलाही बाहेरच्या काचेवर बुरशी धरू शकते. हे ३० हजारांच्या दुर्बिणीलाही होतंच. फरक एवढाच की ती बिघडली तर माणूस महिन्याभरात दुसरी घेऊन पुन्हा रानात जातो.

त्या हिवाळ्यात मी मित्राची एम ५ मागून घेतली. भिगवणच्या पाणथळीवर तीच नेली, कडबनवाडीच्या माळावरही तीच. वहीतली यादी मागच्या वर्षाइतकीच भरली. एकच गोष्ट राहून गेली, ती प्रामाणिकपणे सांगतो. एक मादी भोवत्या (हॅरियर, एक शिकारी पक्षी) लांबून गेली. ती पॅलिड जातीची की मोंटेग्यूज, हे मानेवरच्या फिकट पट्ट्यावरून ठरवायचं असतं. मला ठरवता आलं नाही. महागड्या दुर्बिणीत कदाचित आलं असतं.

पण त्याच कडबनवाडीची आदल्या वर्षीची एक गोष्ट मला जास्त टोचते. मेंढरं घेऊन एक धनगर मामा आले. कोल्हा कुठे बसलाय ते त्यांनीच बोटाने दाखवलं आणि म्हणाले, “जरा बघू का त्यातनं?” मी दुर्बीण दिली, पण गळ्यातला पट्टा काढला नाही. मामा माझ्या छातीशी वाकून, मान तिरकी करून बघत होते. दहा सेकंदांत म्हणाले, “दिसला, दिसला,” आणि परत दिली. त्यांना काहीही दिसलं नसणार, डोळ्यांमधलं अंतरसुद्धा मी जुळवून दिलं नव्हतं. पुढच्या वर्षी मित्राची एम ५ मी निःशंक काढून कुणाच्याही हातात देत होतो, भिगवणच्या नावेत, ओल्या हातांच्या नावाड्याच्यासुद्धा. तोट्यांच्या यादीत हा तोटा कुठलंच परीक्षण लिहीत नाही, कारण मचाणावर शिकारी एकटा असतो. आपण सहसा एकटे नसतो.

तुमच्या पैशांचं तुम्ही काय करावं, हे सांगण्याचा मला अधिकार नाही आणि तसं ध्वनित झालं असेल तर मनापासून माफी मागतो. तो लेख तुमच्यासाठी नव्हता. बावीस वर्षांच्या एका मुलाची मेल आली होती. पहिली नोकरी, पगार तीस हजार, आणि प्रश्न होता, “सर, ईएमआयवर घेऊ का? लोक म्हणतात, याच्याखाली घेण्यात अर्थ नाही.” ते ‘लोक म्हणतात’ वाचून मी लिहायला बसलो. त्याला मी सांगितलं, की पन्नास हजारांच्या आत दुर्बीण घे. पुढे पैसे साठले तर ६५ मिलिमीटरचा स्पॉटिंग स्कोप (एकाच नळीची, जास्त मोठं दाखवणारी दुर्बीण) आणि दणकट ट्रायपॉड घे, उरणच्या चिखलातले चिखले आणि तुतवार हे पक्षी ओळखायला कुठल्याही दुर्बिणीपेक्षा तो कामी येईल. त्यातूनही उरले तर नाशिकजवळच्या नांदूर मधमेश्वर पक्षी अभयारण्यात चार वेळा जाऊन ये.

तुम्ही तर त्याच्या शेजारीच राहता. डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी मी तिथे येतोय. तुमची दुर्बीण आणा, मी एम ७ आणि जुनी ८×३२ आणतो. चापडगावच्या मनोऱ्यावर सकाळी सातला बसू आणि उन्हं चढेपर्यंत तिन्ही आलटून पालटून बघू. त्या मादी भोवत्याचा पट्टा तुमच्यात दिसला आणि माझ्यात नाही दिसला, तर तेही इथे लिहीन.