भीती सरांची नाही, मागच्या बाकाची

‘शिक्षक मित्रासारखे वागले की मुलं आपोआप प्रश्न विचारतील’ हे, मुलं वर्गात प्रश्न का विचारत नाहीत यावरच्या तुमच्याकडच्या लेखातलं विधान काही पटलं नाही. मी कोल्हापुरात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. मुलं मला घाबरत नाहीत. तास संपल्यावर व्हरांड्यात गाठून, नाहीतर रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर बिनधास्त विचारतात. वर्गात मात्र चिडीचूप. कारण प्रश्न जरा सोपा निघाला की मागून आवाज येतो, ‘आलं बघा शास्त्रज्ञ!’ आणि मग वर्षभर तेच नाव. चंदगड, गगनबावड्याकडनं आलेल्या पोरांचं तर आणखी अवघड, त्यांच्या नुसत्या हेलावरही हसतात. मग बाकी सगळ्यांना कळलंय असं समजून जो तो मान डोलावतो आणि चाचणीत सगळे एकाच गणितात अडकतात.

हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९०च्या दशकात यावर चालेल अशी पद्धत रुजवली: आधी प्रत्येकानं एकट्यानं उत्तर नोंदवायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा, मग पुन्हा उत्तर द्यायचं. उत्तरं नोंदवायची मशिनं आमच्याकडे कुठली, मी बिननावाच्या चिठ्ठ्या घेतो. ‘चालताना जमिनीचं घर्षण पायावर कुठल्या दिशेनं लागतं?’ असं विचारलं, तर बहुतेक चिठ्ठ्यांवर ‘मागे’. (लागतं पुढे.) फळ्यावर आकडे मांडले की हसणाऱ्यांचीही तोंडं बंद होतात, कारण त्यांचीही चिठ्ठी त्यातच असते. यात तास खर्ची पडतो, पोर्शन मागे राहतो आणि पालकांचे फोन येतात. लेखकांनी त्याबद्दलही लिहावं.