पाळीव सापाची ‘रग जिरवणे’ हा उपाय नव्हे

सोलापुरातील प्राणिप्रेमींच्या व्हॉट्सॲप गटांवर पाळीव सापांविषयीचा एक संदेश वारंवार पुढे पाठवला जात आहे. त्यात म्हटले आहे: चावरा साप मुळातच दुष्ट असतो आणि एकदा बिथरला की मालकावर डूख धरतो. त्याची रग जिरवण्यासाठी त्याला रोज तासभर हातात धरावे आणि चावला तरी सोडू नये. उबेने साप सुस्तावतो, म्हणून पेटीतला दिवा चोवीस तास चालू ठेवावा. रग उतरेपर्यंत त्याला उपाशी ठेवावे. पेटीत कधीही खाऊ घालू नये. आणि एवढे करूनही फरक पडला नाही तर त्याला गावाबाहेर माळावर सोडून द्यावे, असा त्याचा सारांश आहे. सापाच्या चावरेपणामागे बहुतेक वेळा भीती, भूक किंवा शारीरिक त्रास असतो, आणि या संदेशातील जवळजवळ प्रत्येक सल्ला या तिन्ही गोष्टी वाढवणारा आहे. म्हणून त्याला मुद्देवार उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

त्याआधी एक मर्यादा स्पष्ट केली पाहिजे. नाग, धामण, अजगर, मांडूळ हे आपल्या रानातले साप वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार संरक्षित आहेत. त्यांना घरात ठेवणे हा गुन्हा आहे आणि विषारी सापांच्या बाबतीत तो जिवाशी खेळ आहे. असा साप कोणाकडे असेल तर त्याला शांत कसे करावे हा प्रश्नच उद्भवत नाही. वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवणे हाच मार्ग आहे. पुढील विवेचन परदेशी, बिनविषारी पाळीव सापांपुरते, म्हणजे मुख्यतः बॉल पायथन (छोटा आफ्रिकी अजगर) आणि कॉर्न स्नेक (अमेरिकी साप) यांच्यापुरते आहे. त्यांतील बॉल पायथन वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतो, त्यामुळे 2022 ची कायदादुरुस्ती आणि 2024 चे नियम यांनुसार त्याची नोंद केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश संकेतस्थळावर करणे बंधनकारक आहे.

आता पहिला मुद्दा, दुष्ट स्वभावाचा आणि डूख धरण्याचा. साप सूड लक्षात ठेवून माणसाचा माग काढतो, याला कोणताही आधार नाही. अनुभवातून शिकण्याची क्षमता त्याच्याकडे निश्चितच आहे, पण तो जे शिकतो ते साधे असते: अमुक घडले की दुखते, अमुक घडले की खायला मिळते, अमुक केले की समोरचा हात मागे जातो. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतून आलेल्या बॉल पायथनची पहिली प्रतिक्रिया तर स्वतःचे गच्च वेटोळे करून डोके आत लपवण्याची असते. असा प्राणी झेपावू लागला तर लपण्याचा मार्ग आपल्याला बंद झाला आहे असे त्याला वाटत असण्याची शक्यता अधिक. पेटीच्या दोन्ही टोकांना अंग जेमतेम मावेल असा एकेक आडोसा ठेवला आणि काचेच्या तीन बाजू झाकल्या, त्यासाठी घरातली जुनी सोलापुरी चादरही चालते, तर पुष्कळ सापांच्या वागण्यात काही आठवड्यांत फरक दिसू लागतो.

भीतीपोटी चावणे आणि भक्ष्य समजून चावणे यांतील भेदही संदेशात कोठेच नाही. भ्यालेला साप मान नागमोडी वळवून मागे खेचतो, फुत्कारतो, चटकन चावतो आणि लगेच सोडतो. भुकेला साप जीभ भराभर आत-बाहेर करीत पुढे सरकतो, आणि चावला तर न सोडता विळखा घालतो. बॉल पायथनच्या वरच्या ओठावर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात. पेटीच्या तोंडाशी अचानक आलेला माणसाचा उबदार हात, विशेषतः त्याला उंदराचा वास लागलेला असेल तर, त्याला भक्ष्यासारखा भासू शकतो. पहिल्या प्रकाराला अधिक आडोसा आणि अधिक सावकाशपणा लागतो, दुसऱ्याला हात धुणे आणि हात घालण्याआधी स्पष्ट इशारा देणे. दोघांनाही एकच शिक्षा देऊन एकही प्रश्न सुटत नाही.

दिव्याविषयीचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो थंड देशांतील सूचनांवरून अर्धवट उचललेला दिसतो आणि सोलापूरच्या हवेचा त्यात विचारच नाही. सापाला घाम येत नाही. शरीराचे तापमान तो केवळ जागा बदलून सांभाळतो. म्हणून बॉल पायथनच्या पेटीत एका टोकाला साधारण 31 ते 33 अंश सेल्सिअस आणि दुसऱ्या टोकाला 25 ते 27 अंश तापमान असावे लागते. कॉर्न स्नेकला उबदार टोक 28 ते 30 अंशांचे पुरते. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, आणि पत्र्याच्या छताखालच्या बंद खोलीत ठेवलेल्या पेटीत थंड टोक असे उरतच नाही. तशात दिवा चोवीस तास चालू असेल तर साप काचेवर तोंड घासत फिरतो, दिवसभर पाण्याच्या भांड्यात बसून राहतो आणि हात दिसताच झेपावतो, आणि नेमक्या याच वागण्याला हा संदेश रग म्हणतो. उन्हाळ्यात दिवा बंद ठेवणे, पेटी तळमजल्यावरच्या आतल्या खोलीत हलवणे आणि दोन्ही टोकांना तापमापक लावणे, एवढ्यानेही असा साप निवळू शकतो. दिव्याची किंवा उष्णतेच्या पट्टीची खरी गरज डिसेंबर-जानेवारीच्या रात्री लागते, आणि तेव्हाही ती थर्मोस्टॅटला, म्हणजे तापमान ठरावीक राखणाऱ्या उपकरणाला, जोडलेलीच असावी, नाहीतर पोट भाजण्याचा धोका असतो. शिवाय बॉल पायथन रात्री वावरणारा प्राणी आहे. त्याला अंधार मिळाला नाही तर विश्रांती मिळत नाही.

याला जोडूनच कोरड्या हवेचा प्रश्न येतो. बॉल पायथनला सुमारे 60 टक्के आर्द्रता मानवते, आणि आपला उन्हाळा त्याहून पुष्कळ कोरडा असतो. अशा हवेत कात अखंड न निघता तुकड्यांनी निघते आणि कधी डोळ्यांवरचे पारदर्शक आवरण तसेच चिकटून राहते. ज्याला नीट दिसत नाही तो प्रत्येक हालचालीला शत्रू समजणारच. ओलसर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरलेला एक झाकणाचा डबा, त्याला सापापुरते भोक पाडून, पेटीत ठेवावा. खोलीत कूलर असेल तर त्याचा झोत थेट पेटीवर येऊ देऊ नये. कात टाकण्याआधी डोळे दुधाळ निळसर होतात, त्या दिवसांत सापाला हात लावू नये. चिकटलेली कात नखाने ओढून काढणे तर पूर्णपणे टाळावे.

सोलापूरच्याच संदर्भात आणखी एक कारण सांगितले पाहिजे. सापाला बाहेरचा कान नसतो म्हणून त्याला काहीच ऐकू येत नाही, ही समजूत खोटी आहे. जमिनीतून आणि फळीतून येणारी कंपने जबड्याच्या हाडांवाटे त्याच्या आतल्या कानापर्यंत पोहोचतात. बॉल पायथनवर झालेल्या आणि 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 80 ते 160 हर्ट्झच्या खोल कंपनांना तो सर्वांत संवेदनशील आढळला. शहराच्या पूर्व भागात घराला लागूनच यंत्रमाग चालतात. त्याच भिंतीच्या फळीवर पेटी ठेवली असेल तर त्या सापाला दिवसभर हादरे बसत राहतात. सिद्धेश्वर यात्रेतील शोभेच्या दारूकामाच्या रात्री होम मैदानाच्या आसपास राहणाऱ्यांनीही सापाला हाताळू नये. पेटी भिंतीपासून दूर, भक्कम टेबलावर आणि जाड रबराच्या तुकड्यावर ठेवणे हा साधा उपाय आहे.

हाताळणीविषयीच्या सल्ल्यात मात्र एक खरा अंश आहे, आणि तो मान्य केला पाहिजे: नियमित हाताळणीने साप माणसाला सरावतो, आणि प्रत्येक झेपेला हात झटक्याने मागे घेतला तर झेप घेणे उपयोगी पडते हे तो शिकतो. पण त्यावरून तासभर जखडून ठेवावे असा निष्कर्ष निघत नाही. जखडलेला साप धडपडून थकतो आणि निपचित पडतो. ती शांतता नसते, आणि दुसऱ्या दिवशी तो अधिक आधी झेपावतो. नवा साप घरी आणल्यावर पहिला एक-दोन आठवडे त्याला हात लावू नये आणि तो दोन-तीन वेळा नीट खाईपर्यंत थांबावे. त्यानंतर आठवड्यातून तीन-चार वेळा, पाच ते दहा मिनिटे एवढी हाताळणी पुरेशी आहे. हात घालण्याआधी हुकाने (साप उचलण्याच्या आकडीने) किंवा कागदाच्या गुंडाळीने त्याच्या अंगाच्या मध्यावर हलकेच स्पर्श करावा. आता खाणे येत नसून हात येत आहे, हे त्याला काही दिवसांत उमगते. हात वरून न आणता बाजूने आणावा, मान न पकडता मधल्या भागाखालून उचलावे आणि हातांवरून त्याला आपल्या गतीने सरकू द्यावे. तो बिथरला तर हात स्थिर ठेवून क्षणभर निवळण्याची वाट पाहावी आणि मगच त्याला पेटीत ठेवावे. चावून धरलेच तर ओढू नये, कारण दात मागे वळलेले असतात आणि ओढल्याने आपली कातडी व त्याचे दात दोन्ही जातात. तोंडावर गार पाणी सोडल्यास तो सहसा सोडतो. जखम साबणाने धुऊन धनुर्वाताच्या लसीविषयी डॉक्टरांना विचारावे.

उपाशी ठेवण्याच्या सल्ल्यावर फार लिहिण्याची गरज नाही. भुकेला साप हलणाऱ्या प्रत्येक उबदार वस्तूवर झेपावतो. म्हणजे जो दोष घालवायचा तोच या उपायाने पोसला जातो. वाढत्या पिल्लाला साधारण आठवड्याने आणि प्रौढ बॉल पायथनला दोन ते चार आठवड्यांनी, त्याच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाएवढे भक्ष्य द्यावे, आणि ते आधी मारलेले असावे, कारण जिवंत उंदीर सापाला चावून गंभीर जखमा करतो.

पेटीत खाऊ घातल्याने साप हातावर धावतो, हा समज पाळणाऱ्यांमध्ये जुना आहे. वेगळ्या डब्यात खायला घालायचे म्हणजे भुकेल्या सापाला उचलून नेणे आणि खाऊन भरलेल्या, अजून शिकारीच्या आवेशात असलेल्या सापाला पुन्हा उचलून आणणे. चावा बसण्याची आणि खाल्लेले उलटण्याची शक्यता यातच अधिक आहे. पेटीतच लांब चिमट्याने खाऊ घालावे आणि त्यानंतर निदान 48 तास त्याला हाताळू नये.

आजपर्यंत शांत असलेला साप एकाएकी चावरा झाला तर स्वभावाची चर्चा न करता त्याची तपासणी करावी. खवल्यांच्या कडांना आणि डोळ्यांभोवती फिरणारे बारीक काळे कीटक, तोंडातील सूज किंवा पू, श्वास घेताना येणारा घरघर आवाज आणि नाकातोंडावरचे बुडबुडे ही लक्षणे पशुवैद्याला दाखवण्याची आहेत. सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेले पशुवैद्य मोजके असतात, म्हणून त्यांचा शोध आजार येण्यापूर्वीच घेऊन ठेवावा.

राहिला माळावर सोडून देण्याचा सल्ला, आणि तो लिहिणाऱ्याने माळढोक अभयारण्यातला नान्नजचा माळ डोळ्यांपुढे आणला असता तर तो लिहिला नसता अशी माझी भावना आहे. पेटीत वाढलेला आफ्रिकी किंवा अमेरिकी साप तेथे बहुधा उपासमारीने, उष्णतेने किंवा पहिल्याच भेटीत काठीने मरेल. आणि जगलाच तर आपल्या अंगावरचे परजीवी व रोग तेथील सापांना देईल. ज्याला साप सांभाळणे खरोखरच अशक्य झाले आहे, त्याने तो सापाच्या गरजा जाणणाऱ्या व्यक्तीकडे सोपवावा आणि नोंदणीकृत प्रजाती असल्यास त्या हस्तांतराची नोंदही परिवेशवर करावी. ते जमत नसेल तर वनविभागाच्या कार्यालयात जाऊन मार्गदर्शन घ्यावे.