गेला कुठं?

काल सकाळी ज्वारीच्या भाकरीबरोबर मी ८५० रुपये गिळले. म्हणजे दातातलं सिमेंट. भरून महिनाही झाला नव्हता.

मुळात कीड नव्हतीच. डाव्या सुळ्यामागच्या दाताला हिरडीलगत खाच पडली होती, कुऱ्हाडीचा घाव घातल्यासारखी. गार पाणी लागलं की कानापर्यंत कळ. "झीज आहे," डॉक्टर म्हणाल्या. कशानं? "ब्रश जोरात घासत असाल, लिंबूपाणी पीत असाल, अ‍ॅसिडिटी असेल, झोपेत दात खात असाल. किंवा सगळंच थोडं थोडं." ज्योतिषीसुद्धा एका ग्रहावर बोट ठेवतो हो!

बाहेर बाकावर शेजारी एक आजी. कवळी रुमालात, रुमाल मुठीत.

"कीड लागली का रं?"

"नाही आजी, दात झिजलाय."

"मग झिजल्याला गेला कुठं?"

हे मला आत विचारायला सुचलं नव्हतं.

"गेला असेल घासताना. थोडा पोटातही."

आजींनी रुमाल सोडला, कवळी बसवली. महत्त्वाचं बोलायचं असलं की बसवत असाव्यात. "म्हंजी सोताचाच दात खाल्लास." मग समोरच्या बाईंना, "यानं सोताचा दात खाल्ला." बाईंच्या मांडीवरचं पोर रडायचं थांबून माझ्या तोंडाकडं बघायला लागलं. "असू दे. कॅल्शम हाय, वाया न्हाई गेलं. म्या चाळीस वर्सं मिश्री लावली."

"मग तुमचे दात?"

"पडले की समदे. पर झिजला न्हाई एक."

खरा राग आहे तो लिंबावर. पोट उतरावं म्हणून सहा वर्षं रोज कोमट पाण्यात पिळून प्यालो. इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कवच, हाडाहूनही कठीण, पण तोंडातला पीएच (आंबटपणाचं माप, जितकं कमी तितकं आंबट) साडेपाचाखाली गेला की विरघळू लागतं. लिंबाचा रस असतो दोनच्या आसपास! वर तोंड आंबट झालं म्हणून मी लगेच कडक ब्रशनं घासायचो. निदान अर्धा तास थांबायचं असतं, हे ज्यानं लिंबू सांगितलं त्यानं नाही सांगितलं. गेलेलं इनॅमल परत येत नाही. पोट येतं.

आता मऊ ब्रश आलाय. झोपेत दात दातावर घासू नयेत म्हणून रात्री दातांवर घालायला नाइट गार्ड, त्याचे पैसे वेगळे. आणि अशा खाचेतलं सिमेंट निघू शकतं, हेही आता फोनवर कळतंय. पैसे घेताना कुणी बोललं नाही.

"पडलेला तुकडा घेऊन या, सर," रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली.

"तो गिळला गेला."

ती जरा थांबली. "सापडला तर आणा."