परवाना एक कोटीचा, आणि ड्राय रूम?

उद्यमनगरातल्या चहाच्या टपरीपुढचा कट्टा. वाद पेटवला बापूंनी. इस्रो आपलं तंत्रज्ञान कारखानदारांना देते, त्यासाठी 2019 पासून एनसिल (न्यूस्पेस इंडिया) ही सरकारी कंपनी आहे, खाजगी कंपन्यांना अवकाश क्षेत्रात वाट करून देणारं इन-स्पेस अहमदाबादला बसलंय, आणि कोल्हापूरकर अजून पंपाच्या बॉड्याच ओततायत, हे त्यांचं दुखणं.

"चौघं मिळून लिथियम सेलचं लायसन घेऊया. 2018 ला विक्रम साराभाई केंद्रानं सांगितलंच होतं, एकदा एक कोटी भरा आणि न्या. दीड अँपिअर-अवरपासून शंभरपर्यंतचं सेल."

"तेच शेजाऱ्यालाही मिळणार होतं," सीए म्हणाला. "एकट्याचा हक्क नव्हता त्यात."

"असू दे की. बाजार मोठा हाय."

पॉलिटेक्निकचे मास्तर तोवर गप्प होते. "बापू, कोटीत कागद येतो. सेल कुठं करणार? निकेल जास्त असलेल्या कॅथोडच्या, म्हणजे सेलच्या धन बाजूच्या, पावडरीवर लिथियमची अल्कली उरलेली असते. हवेतली ओल लागली की ती पावडर चिकटवून धरणाऱ्या बाइंडरला बिघडवते आणि टाकीतला घोळ जेलीसारखा होतो, फॉइलवर लेपच बसत नाही. पुढं फॉइल कापताना सुरी बोथट असली तर कडेला बर, म्हणजे धातूचा बारीक काटा, राहतो. दोन फॉइल वेगळ्या ठेवणारा मधला सेपरेटर जेमतेम 20-25 मायक्रॉनचा; बर तो भोसकतो आणि सेल आतल्या आत शॉर्ट. इलेक्ट्रोलाइट भरायची खोली, तीच ड्राय रूम, उणे 40 अंश दवबिंदूची म्हणजे अगदी कोरडी लागते, कारण त्यातला क्षार पाण्याशी मिळाला की हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होतं. आत किती माणसं न्यायची तेही मोजायचं, माणूस श्वासानंच ओल सोडतो. आपल्याकडं जुलैत ती खोली चालवायची म्हणजे विजेचं बिल काय येईल, सीएलाच विचारा."

सीएनं वेगळंच सांगितलं. "बिलाचं सोडा. भरलेला सेल पहिल्यांदा अगदी संथ चार्ज करायचा, मग दोन-दोन आठवडे मुरत ठेवायचा. तेवढा माल म्हणजे अडकलेलं भांडवल. बँक विचारणार, हा साठा आहे की भंगार? चौदाव्या दिवसापर्यंत आपल्यालाही माहीत नसतं."

बापू हटले नाहीत. इस्रोचा सेल 15 वर्षं टिकतो, मग रिक्षात का नाही टिकणार?

इथं मास्तरांनी गणितच मांडलं. भूस्थिर उपग्रह पृथ्वीच्या सावलीत जातो वर्षातले सुमारे 90 दिवस, तेही जास्तीत जास्त 72 मिनिटं. म्हणजे 15 वर्षांत बॅटरी रिकामी होऊन भरण्याची साडेतेराशेच्या आसपास चक्रं, आणि तापमान सांभाळलेलं. धक्का बसतो तो उड्डाणाच्या वेळी. ई-रिक्षा रोज बॅटरी रिकामी करते, पावणेचार वर्षांत तेवढीच चक्रं पुरी, वर मे महिन्याचं ऊन आणि गंगावेशीतले खड्डे. "वाईट सेल नव्हे तो. दुसऱ्या नोकरीसाठी घडवलेला आहे."

"मग इस्रोकडून घ्यायचं तरी काय? वालचंदनगरवाले बूस्टरच्या केसिंगा बनवतातच की," आबांनी विचारलं. आबांचं लेथचं दुकान.

"ते इस्रोला माल देतात. आपण उलट्या दिशेचं बोलतोय."

मग मास्तरांनी अमेरिकेतला सॅटॉप काढला. नासाच्या आणि फ्लोरिडा, टेक्सस, न्यू यॉर्क, न्यू मेक्सिको या राज्यांच्या पैशावर पूर्वी चालायचा तो कार्यक्रम. छोट्या धंदेवाल्यानं आपली अडचण लिहून द्यायची. अवकाश क्षेत्रातला एखादा इंजिनिअर 40 तासांपर्यंत फुकट वेळ द्यायचा. परवाना नाही, यंत्र नाही, फक्त माणसाचे तास. मास्तरांच्या मते छोट्या दुकानाला हेच झेपतं. बापूंना ते भिकेसारखं वाटलं. "40 तासांत काय हुतंय? अडचण समजायलाच 30 जातील."

"जातील, जर अडचण 'धंदा वाढत नाही' अशी लिहिली तर. '51 व्होल्टचा बॅटरी पॅक आठ महिन्यांत मरतो, का?' असं लिहा, मग बघा."

ते उदाहरण मास्तरांनी मुद्दामच घेतलं होतं. 16 एलएफपी (लिथियम-लोह-फॉस्फेट) सेल एकापुढं एक, प्रत्येकी 100 अँपिअर-अवर. सर्वांत दुबळा सेल संपला की अख्खा पॅक संपला. उपग्रहासाठी सेल निवडतात तशी छाननी शेडमध्येही करता येते. चार तारांच्या मीटरनं प्रत्येक सेलचा अंतर्गत रोध मिलिओममध्ये घ्यायचा. दोन तारांचा मीटर क्लिपचाच रोध दाखवतो. मग 3.65 व्होल्टपर्यंत भरून 2.5 पर्यंत रिकामा करायचा आणि खरी क्षमता लिहायची. नंतर थोडासा चार्ज, दहा टक्क्यांच्या आत, आणि एकाच तापमानाला 14 दिवस ठेवून व्होल्टेज किती उतरलं ते पाहायचं.

"दहाच टक्के का? अर्धा भरून ठेवला तर?" आबा.

"एलएफपीचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतं. गळका सेलसुद्धा तिथं चांगला दिसतो. खाली उतार आहे, तिथं चोरी पकडता येते."

जोडण्याआधी सगळे सेल पॅरलल करून वरपर्यंत भरायचे, प्रवाह जवळपास थांबेपर्यंत. हे टाळून 'बीएमएस (बॅटरीवर नजर ठेवणारं सर्किट) करेल बॅलन्स' म्हणणाऱ्यांवर मास्तरांचा विशेष राग. साधा बीएमएस 50 मिलिअँपिअर जाळतो. दोन अँपिअर-अवरचा फरक काढायला त्याला 40 तास लागतात, आणि तो बहुधा सेल वर पोचल्यावरच काम सुरू करतो. रिक्षावाला चार्जर तेवढा वेळ लावून ठेवतोय होय?

"आणि बाद झालेल्या सेलचे पैसे?" सीएनं नेमकं बोट ठेवलं. "शंभरात दहा बाद म्हणजे तुमचा नफा गेला."

यावर मास्तरांकडं एवढंच होतं की रोध, क्षमता आणि 14 दिवसांची घट यांच्या मर्यादा पर्चेस ऑर्डरमध्येच घालायच्या. बसत नाही तो सेल परत. सीए हसला. 50 सेल घेणाऱ्याच्या अटी कोण ऐकतो? चार पॅकवाल्यांनी एकत्र ऑर्डर दिली तर ऐकेल, असं आबा म्हणाले, आणि बापूंनाही हे पटल्यासारखं वाटलं. पण त्यांचा पुढचा प्रश्न तयार होता.

"वर्षानं एक सेल गेला तर? तो एकटा बदलायचा का न्हाई?"

"बोल्टनं जोडलेला असेल तर निघतो. पण बाजारातला नवा सेल जुन्यांशी जुळत नाही. म्हणून 16 नव्हे, 18 जुळवायचे. दोन राखीव, अर्धे भरून, थंड जागी. तेही रोजच्या वापरातल्यांइतके म्हातारे नसणार, पण निदान त्याच बॅचचे."

मग ते दोन सेल सांभाळायचे कुणी, पॅकवाल्यानं की रिक्षावाल्यानं, यावर चहाची दुसरी फेरी सांगावी लागली.