नुसते रिपोर्ट? गोखले इन्स्टिट्यूट विसरलात का

लेखात म्हटलंय की आर्थिक संशोधन संस्था नुसते रिपोर्ट छापतात, जमिनीवर काही उतरत नाही. हे पटलं नाही. पुण्याची गोखले इन्स्टिट्यूट बघा ना, १९३० साली रावबहादूर काळ्यांच्या देणगीतून भारत सेवक समाजाने काढली, नफ्याचा संबंधच नाही. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ नुसते खुर्चीत बसले नाहीत, विठ्ठलराव विख्यांसोबत प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा करायला गेले आणि त्याचे अध्यक्षही झाले, आणि पुढे केंद्राचा पैसा राज्यांना कसा वाटायचा त्याचा गाडगीळ फॉर्म्युला १९६९ चा. मग याच संस्थेतले अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ. माणसाला रोज २२५० कॅलरी मिळायला किती खर्च लागतो तो हिशोब मांडून त्यांनी १९७१ मध्ये देशातली गरिबी दाखवली, १९६०-६१ च्या भावाने खेड्यात माणशी महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस, आणि तेवढेही कोट्यवधी लोकांकडे नव्हते!! वाचताना आजही पोटात कालवतं. सगळं पटावंच असं नाही, नुसत्या कॅलरीवर गरिबी मोजणं मला अपुरंच वाटतं, औषधपाणी, शाळेचा खर्च कुठे धरायचा? पण विदर्भ-मराठवाड्यात आज कुठलाही पुढारी सिंचनाचा, रस्त्यांचा अनुशेष, म्हणजे बाकी राज्याच्या मानाने मागे राहिलेलं काम, म्हणून भांडतो तो आकड्यात मांडला याच दांडेकरांच्या समितीने, १९८४ ला. लेखात याचा साधा उल्लेख तरी हवा होता.