‘टाइप वनवाल्यांनी पळू नये’ : त्या फॉरवर्डला उत्तर

जळगाव-धुळ्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या एक सल्ला फिरतोय : टाइप वन डायबेटिस असेल तर पळणं, उड्या बंद, शुगर धाडकन पडते, फक्त चाला. व्यायामाच्या दिवशी इन्सुलिन टाळा. निघताना एक केळं खा.

पळताना शुगर धाडकन पडते? कसं पळता त्यावर आहे. एका लयीत तासभर चालताना किंवा पळताना ती उतरते. थांबून-थांबून जोरात पळालात तर उलटही होतं. दहा मिनिटं अंग गरम करून ३० सेकंद जोरात, दीड मिनिट हळू, अशा सहा-आठ फेऱ्या मारल्या की अॅड्रेनलिन वाढतं, यकृत साखर सोडतं आणि शुगर चढूही शकते. खरी गडबड इथून पुढे. मीटरवर २६० (mg/dL) दिसलं की माणूस घाबरून पूर्ण करेक्शन, म्हणजे चढलेली शुगर उतरवायचा इन्सुलिनचा जादा डोस, टोचतो. तासा-दोन तासांत शुगर आपसूक उतरू लागते, त्यात हा डोस मिळतो. अर्धा-पाऊण तास थांबा. तरीही द्यावा लागलाच तर निम्मा.

धोका रात्रीचा आहे. रिकामे झालेले स्नायू पुढचे काही तास, कधी २४ तासांपर्यंत, साखर ओढत राहतात. मेहरूण तलावावर संध्याकाळी पळालात तर झोपताना आणि रात्री दोन-तीनला तपासा, किंवा अंगावरच्या शुगर सेन्सरचा अलार्म लावा. त्या रात्रीचं बेसल (जेवणाशी संबंध नसलेलं, सावकाश चालणारं पायाभूत इन्सुलिन) साधारण २० टक्के कमी करायचं का, हे आधीच डॉक्टरांशी ठरवा.

इन्सुलिन टाळा, हा यातला सगळ्यात घातक सल्ला. बेसल बंद केलं की कीटोन, म्हणजे इन्सुलिनअभावी चरबी जळून रक्तात साठणारी आम्लं, वाढतात. शुगर २७० च्या वर असेल तर आधी रक्तातले कीटोन पाहा, १.५ (mmol/L) किंवा जास्त असतील तर व्यायाम नाहीच. कमी करायचा तो व्यायामाआधीच्या जेवणाचा डोस, तोही ठरवून. आणि तो मांडीत नको, पोटावर घ्या. पळणाऱ्या मांडीतून इन्सुलिन लवकर भिनतं.

केळ्याविरुद्ध जळगावात लिहिणं जिवावर येतं, पण आकडा न बघता खाल्लेलं केळं म्हणजे अंदाजपंचे २५ ग्रॅम कर्बोदकं. ९० च्या खाली असाल तर १०–२० ग्रॅम ग्लुकोज घ्या, वर आल्यावरच सुरुवात करा. १२६ ते १८० मध्ये थेट निघा. मध्येच ७० च्या खाली गेलं तर केळं फार सावकाश चढतं. तिथे १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. पावडरची पुडी खिशात हवी, गाडीच्या डिकीत नव्हे.

डिकीत इन्सुलिनही नको. मे महिन्यात भुसावळला पारा ४४-४५ ला टेकतो, पेन तिथे शिजतं. उन्हात इन्सुलिन भिनतंही वेगात, म्हणून पहाटेच पळा.

फॉरवर्डमधला ‘बंद’ हा शब्द खरा ठरतो तो मुख्यतः दोघांसाठी : मागच्या २४ तासांत शुगर इतकी पडली की दुसऱ्याला सावरावं लागलं, तो, आणि ज्याच्या डोळ्याच्या पडद्यावर नाजूक रक्तवाहिन्या वाढल्यात, तो. डोळ्यांची तपासणी राहिली असेल तर ती आधी.