जहाजं दुभंगली ती कुणामुळे?

नमस्कार. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कायझर कंपनीच्या जहाजबांधणी गोद्यांमध्ये राबलेल्या बायकांवरचा माझा लेख वाचून तुम्ही लिहिलंत, "चार आठवडे शिकून वेल्डर झालेल्या बायकांच्या हातची जहाजं मधोमध मोडली, ते मात्र सोयीस्कर गाळलंत." मोडलेल्या जहाजांबद्दल मी लिहायला हवं होतं, ती चूक माझीच. पण तुम्ही दोष ज्यांच्या माथी मारताय, ते मला मुळीच मान्य नाही.

तुमच्या मनात बहुधा 'स्केनेक्टडी' असणार. १६ जानेवारी १९४३ ची रात्र, पोर्टलंडची स्वान आयलंड गोदी, तीही कायझरचीच. चाचण्या आटोपून हा नवाकोरा टँकर धक्क्याला लागला होता. पाणी शांत. आणि प्रचंड आवाज होऊन तो डेकपासून जवळपास तळापर्यंत चिरला. चौकशीत सदोष वेल्डिंगही सापडलं, ते मी लपवत नाही. पण हवा त्या रात्री गोठणबिंदूखाली होती, आणि मेख तिथेच होती.

केंब्रिजच्या धातुशास्त्रज्ञ कॉन्स्टन्स टिपर यांनी लिबर्टी जहाजांच्या, म्हणजे युद्धकाळात घाऊक बांधलेल्या मालवाहू जहाजांच्या बाबतीत हेच दाखवून दिलं. ठरावीक तापमानाखाली ते पोलाद वाकायचं सोडून काचेसारखं तडकायचं. त्यात हॅचच्या, म्हणजे डेकवरच्या माल उतरवायच्या तोंडाच्या, चौकोनी कोपऱ्यांवर ताण एकवटायचा. रिवेट ठोकून पत्रे जोडलेल्या जहाजात चीर बहुतेकदा पत्र्याच्या कडेशी येऊन थांबते. वेल्डिंगने सगळं अंग एकसंध झालेलं, म्हणून ती धावतच सुटते. ते पोलाद बायकांनी निवडलं नव्हतं, आराखडाही त्यांनी काढला नव्हता. ऐन भरातही कॅलिफोर्नियातल्या रिचमंडच्या कायझर गोद्यांत बायका साधारण २७ टक्के होत्या; वेल्डिंग काही एकट्या त्याच करत नव्हत्या.

शिक्षण थोडं होतं, हे खरं. म्हणूनच जहाजाचे मोठमोठे भाग आधी जमिनीवर जोडायचे आणि मग क्रेनने उचलून बसवायचे, म्हणजे नवख्या वेल्डरला खाली बघून सपाट काम करता येई. पण सगळंच तसं जमत नाही. मी फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये नऊ वर्षं काढली आहेत. डोक्यावरच्या पत्र्याला रॉड लावला की वितळलेला थेंब कॉलरमधून थेट पाठीवर उतरतो, आणि तरी हात हलू द्यायचा नसतो. मग हातोडीने स्लॅग, म्हणजे जोडावर जमलेली खपली, झाडायचा. खाली माशाच्या खवल्यांसारखी एकसारखी ओळ दिसली पाहिजे. ती बाईने मारली की पुरुषाने, हे मला आजवर एकदाही ओळखता आलेलं नाही.

मूळ लेखात स्केनेक्टडीवर आणि टिपरबाईंवर आजच परिच्छेद घालतो. तो टँकर दुरुस्त होऊन काही महिन्यांतच समुद्रावर गेला, तेही त्यात येईल.